नऊशे नव्याण्णव अंडी

मनोरा पाडायचा की ठेवायचा हे ज्या दुपारी ठरणार होतं, त्या दुपारी लामूनने सहा पदार्थ रांधले. तिचा नवरा गेल्यावर शंभराव्या दिवशी घातलेल्या जेवणालाही पाचच होते.

"फाशीआधी कैद्याला असंच जेवायला घालतात म्हणे," माचावर मांडी घालत सानित म्हणाला. सानित लामूनचा थोरला भाऊ. जमीन कचेरीत छत्तीस वर्षं कागदांवर तारखांचे शिक्के मारून तो निवृत्त झाला होता, आणि निवृत्त झाल्यापासून तेच काम तोंडाने करत होता.

"कैदी कोण, मामा?" सक्दाने विचारलं.

"ते हात धुतल्यावर कळतं."

सक्दा लामूनचा मुलगा. सकाळीच बँकॉकहून आला होता. गाडीतून आधी त्याचे बूट उतरले, मग तो उतरला, मग एक निळी फाइल उतरली. ती फाइल आता भाताच्या टोपल्याशेजारी, मिरचीच्या ठेच्यापासून बोटभर अंतरावर ठेवलेली होती. तिच्यात पेट्रोल पंपवाल्यांचा करार होता. रस्त्याकडची जमीन पंधरा वर्षांच्या भाड्याने. अट एकच, की सोंगक्रानच्या, म्हणजे एप्रिलातल्या नववर्षाच्या आत मनोरा भुईसपाट हवा. सही लामूनची लागणार होती, कारण जमीन तिच्या नावाची. साक्षीदार म्हणून सानितला बोलावलं होतं. त्याला वाटत होतं जेवायला बोलावलंय.

घराच्या खांबांमधून मनोरा समोरच दिसत होता. चार मजली, सिमेंटचा, एकही खिडकी नाही. छताजवळ तेवढं एक चौकोनी भोक. लामूनचा जावई थवी याने तो पाकोळ्यांसाठी बांधला होता. पाकोळ्या येतील, लाळेची घरटी बांधतील, ती घरटी चिनी व्यापारी सूप करायला सोन्यासारखी तोलून नेतील, असा हिशेब. गावातली माणसं पत्र्याखाली भाजत होती आणि पाकोळ्यांना चौमजली महाल. पण पाकोळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. वटवाघळं आली, एक घुबड आलं, आणि एकदा सानितचा हरवलेला बोका तिसऱ्या मजल्यावर सापडला. तो मात्र चांगला गुटगुटीत झाला होता.

प्रयत्नांत थवीने कसर ठेवली नव्हती. पाकोळीच्या मादीची साद म्हणून एका जाणकाराने त्याला ध्वनिफीत विकली. ती पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंत बत्तीस कर्ण्यांतून वाजायची, लामूनच्या उशाशी. मग तो जाणकार म्हणाला, सिमेंटला नवा वास आहे, भिंतींना पाकोळ्यांची शीट फासा. थवीने शीट पोत्याने विकत आणली आणि आपल्या हाताने चारी मजल्यांना सारवली. दुसऱ्यांची शीट पदरचे पैसे मोजून आणून स्वतःच्या भिंतींना फासणारा जावई त्या खाडीच्या दोन्ही तीरांवर दुसरा नव्हता.

शेवटी पावसाळा सरता सरता कर्णे गप्प झाले. आणि थवीही.

"मी उगाच घाई करत नाही," मासा सोलत सक्दा म्हणाला. "पाकोळ्या झाल्या. आता अळंबीही झाली. याच्यापुढे काय, ते तुम्हीच सांगा."

"अळंबी झाली नाही," सुपिन म्हणाली. "एक वाफा नासला. एकच."

सुपिन थवीची बायको, लामूनची धाकटी. मनोऱ्यात अळंबी लावायची कल्पना तिची. अंधार आहे, ओल आहे, खिडकी नाही. जे पाकोळ्यांना नको होतं ते अळंबीला हवंच असतं. तिने नवऱ्याला उठवला, बसवला, जुनी वाफेची टाकी आणवली, पेंढ्याचे थर रचवले. दहाव्या दिवशी पेंढ्यावर हिरवी बुरशी आली आणि असा वास सुटला की घुबडसुद्धा घर सोडून गेलं.

"पाकोळीचं एक वेळ समजू शकतो," सक्दा म्हणाला, "तिला पंख आहेत. अळंबीला ना पंख ना पाय. तीही याच्याकडे थांबली नाही."

"तुझं पहिलं लग्नही नासलं, दादा. दुसरं केलंस ना?"

सानितने भाताचा घास तोंडाजवळ नेऊन तसाच धरला. असल्या बोलण्याला घासाच्या आवाजानेही अडथळा येऊ नये, असं त्याचं मत होतं.

"तो विषय वेगळा," सक्दा म्हणाला.

"हो ना. त्या पेंढ्याला निदान पोटगी द्यावी लागली नाही."

"सुपिन," लामून म्हणाली. पण हळूच. मुलीची जीभ आपल्यावर गेली याचा तिला थोडा अभिमानही होता.

"बरं, पंप नको," सक्दा म्हणाला. "मग तुम्ही दोघं कोरियाला कोबी काढायला का निघालात? एजंटाला पासपोर्ट दिलेत म्हणे. तिकडे गेल्यावर अळंबी कोण सांभाळणार? मामाचा बोका?"

लामूनच्या हातातला डाव थांबला. पासपोर्ट दिल्याचं तिला ठाऊक नव्हतं. तिने मुलीकडे पाहिलं. सुपिनने ताटाकडे पाहिलं.

"नुसते दिलेत," सुपिन म्हणाली. "मनोरा पाडला तर जाऊ. इथे राहून करायचं काय? पंपावर ह्यांनी टोपी घालून गाड्या पुसायच्या, आणि गाव म्हणणार, बघा, पाकोळ्यांचा शेठ."

जो तो आता थवीकडे बघू लागला. थवी खांबाला टेकून सगळ्यांच्या मागे बसला होता. तीन महिने झाले, तो असाच सगळ्यांच्या मागे बसायचा, मान खाली. लामूनला अलीकडे त्याचा चेहरा आठवेनासा झाला होता. टाळू तेवढी पाठ होती.

"सही करा, आई," तो म्हणाला.

"अहो," सुपिन म्हणाली.

"खरं तेच सांगतो. माझ्या हाताला यश नाही. ज्याला हात लावतो ते नासतं. कोबी काढायला यश लागत नाही, कंबर लागते. ती आहे अजून."

सक्दाने चेहरा पाडला. जिंकल्यावर माणसाने जरा दुःखी दिसावं, एवढं त्याला बँकॉकने शिकवलं होतं. त्याने फाइल उघडली, आईच्या हातात पेन दिलं, आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.

लामूनने पेन धरलं. एका सहीत सगळं मिटणार होतं. मुलाचं समाधान होणार, मनोरा जाणार, मुलगी जाणार. पण पेन कागदाला टेकत नव्हतं ते एवढ्यासाठीच नव्हे. त्या मनोऱ्याचं खरं दुखणं काय आहे, हे या माचावर एकट्या तिला माहीत होतं. निदान तिची तशी खात्री होती.

तिने पेन ठेवलं.

"अळंबी त्याच्यामुळे नासली नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे नासली."

"तू कधी गेलीस तिथे?" सुपिनने विचारलं.

"तिथे नाही. घाटावर. थोरल्या आईच्या देवळात." लामूनने ओढणीच्या टोकाने ओठ पुसले. "मी नवस बोलले होते. पाकोळ्या येऊ नयेत म्हणून."

खाडीवरून एक होडी फटफट करत गेली. 

"हा म्हणाला होता," लामूनने थवीकडे हात केला, "पाकोळ्या आल्या की नारळाची बाग तोडून दुसरा मनोरा बांधू. ती बाग तुझ्या बाबांच्या हातची. आणि ती साद. पहाटे पाचपासून. मला सुद्धा घरटं बांधावंसं वाटायला लागलं होतं. गेल्या सोंगक्राननंतर मी घाटावर गेले आणि म्हटलं, आई, त्या पाकोळ्या आमच्या दारी आणू नकोस, आणि ते कर्णे बंद कर. नऊशे नव्याण्णव उकडलेली अंडी वाहीन."

"नऊशे नव्याण्णव," सानित म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता.

"तिने ऐकलं. कर्णे बंद झाले. पण अंडी राहिली. एवढी अंडी घरात कुणाला न कळता उकडायची कशी? दुसऱ्याकडून वाहवून घ्यावी तर पुजारीण ओनसी म्हणाली, जी जीभ बोलली तिनेच फेडायचं. मग पाण्याचा पंप जळला. मग फणसाची फांदी छपरावर आली. मग अळंबी. थोरली आई आठवण करून देतेय, आणि मी आपली भाजी निवडत बसलेय."

सुपिन उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते रागाने की कशाने, हे लामूनला कळेना.

"किती म्हणालीस?" सुपिनने विचारलं.

"नऊशे नव्याण्णव."

"मी तीनशे बोलले होते," सुपिन म्हणाली. "त्याच देवळात. पाकोळ्या याव्यात म्हणून."

सानितने अखेर तो घास तोंडात घातला. "म्हणजे लिलाव झाला की," तो चावता चावता म्हणाला. "थोरल्या आईने चढी बोली घेतली. जमीन कचेरीतही असंच चालायचं, पण तिथे निदान अंडी उकडावी लागत नसत."

"तीनशेत कुठे पाकोळ्या येतात," सक्दा म्हणाला. एरवी तो देवाधर्माला हसायचा. पण भावात बहीण फसली हे त्याला सहन होईना.

"मला काय माहीत आई विरुद्ध बाजूने बोली लावतेय."

"सुपिन, मला वाटलं—" लामून म्हणाली.

"माझ्याशी बोलू नकोस तू."

आणि या सगळ्यात मागून खांबापाशी एक आवाज आला. पहिल्यांदा तो हसण्याचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात तो बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"म्हणजे साद बरोबर होती?" थवी म्हणाला.



"म्हणजे वासही बरोबर होता. भोकाची दिशा बरोबर. शीटही बरोबर." तो उभा राहिला. त्याची मान हळूहळू वर आली, कासवाची येते तशी. "मी रात्र रात्र डोकं आपटत होतो, आपलं चुकलं कुठे. माझं काही चुकलंच नव्हतं. देवीच आडवी आली होती."

"तसं म्हणायला—" सक्दा म्हणाला.

"तसंच आहे, दादा. आईंनी नवस फेडला की वाट मोकळी. कर्णे अजून जागेवर आहेत. नुसतं बटण दाबायचं. उद्या पहाटे पाचला—"

 खरं बोलल्याचं फळ इतक्या लवकर हातात पडेल असं लामूनला वाटलं नव्हतं. एका क्षणात माचावरची माणसं जागच्या जागी बसून बाजू बदलून गेली. तीन वर्षं नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिलेली सुपिन भावाजवळ सरकली आणि म्हणाली, "दादा, ती फाइल इकडे कर जरा." सक्दा म्हणाला, "आता कळलं मी काय म्हणत होतो?" आणि सानित, जो जेवायला आला होता, थवीच्या बाजूने गेला, कारण त्याच्या घरापर्यंत ती साद ऐकू येत नसे.

"माझी काही हरकत नाही," सानित म्हणाला. "पक्षी म्हणजे शोभा."

"कुणी काही दाबायचं नाही," लामून म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नाही. पण तिने पेन उचलून केसांच्या अंबाड्यात खोचलं, आणि ती खूण घरातल्यांना माहीत होती.

"पाकोळ्यांना ना म्हटलंय ते मी नाही, थोरल्या आईने. नवस फेडला म्हणजे तिचा शब्द पुरा झाला, मोडला नाही. आता उलटं मागायला गेलास तर ती विचारेल, तुमच्या घरात काय खेळ चाललाय? या जागेवर पाकोळी येणार नाही. अळंबीबद्दल मी काही बोलले नव्हते. अळंबी येऊ शकते."

थवीने विचार केला. देवीने अडवलेला माणूस झाल्यावर त्याला देवीचे नियम पाळणं भाग होतं.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "अळंबीवर तिचा काही आक्षेप नाही."

"आणि फाइल?" सक्दाने विचारलं.

"राहू दे इथेच. अंडी होईपर्यंत थांब. तीस-तीसचे तेहतीस ट्रे लागतील, वर नऊ, आणि फोडून बघायला दोन-चार जास्त. गाडी आणलीयस ना चांगली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सक्दाची चकचकीत गाडी अंड्यांनी भरून आली. मागच्या सीटवर पट्टे लावून ट्रे बसवले होते आणि तो बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. एवढी अंडी उकडायला भांडं कुठून आणायचं, याचं उत्तर थवीकडे होतं. अळंबीच्या पेंढ्याला वाफ द्यायची टाकी आणि मनोऱ्याची तळमजल्याची बंद खोली. पाकोळ्यांचा महाल एकदाचा कुणाच्या तरी पोटापाण्याच्या उपयोगी पडणार होता.

ट्रे आत लावले. टाकी पेटवली. दारावरचा तापमानाचा काटा चढत चढत शंभराजवळ गेला, तशी थवीने घड्याळ लावलं. पाऊण तासाने दार उघडलं. सानितने पुढे होऊन एक अंडं फोडलं आणि ते त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"कच्चं आहे," तो म्हणाला. सांगायची गरज नव्हती.

दुसरं फोडलं. तेही तसंच. सुपिनने तिसरं फोडलं नाही. ती काट्याकडे बघत राहिली. मग तिने काटा उपटून काढला, स्वयंपाकघरात नेला आणि चुलीवर खळखळणाऱ्या पाण्यात नाक धरून बुडवला. त्याची सुई शंभर ओलांडून पार टोकाला जाऊन अडकली.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली. आदल्या दिवसापासून ती नवऱ्याशी पहिलंच बोलत होती. "हा भलतंच चढं दाखवतो. पेंढ्याला वाफ लागलीच नाही. आपण त्याला नुसता कोमट करून बुरशीला जेवायला बोलावलं."

थवीने तो काटा हातात घेतला, उलटासुलटा केला, छातीशी धरला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "थोरल्या आईने दाखवून दिलं."

"दाखवून सुपिनने दिलं," सानित सदरा पुसत म्हणाला. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सक्दा नवा काटा आणायला गावात निघाला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने मनोरा पाडायचा कागद आणला, तोच त्या मनोऱ्याच्या टाकीसाठी काटा आणायला चाललाय, हे त्याच्या स्वतःच्याही अर्ध्या रस्त्यात ध्यानात आलं असावं. कारण परत आला तेव्हा त्याने निळी फाइल उचलून गाडीच्या डिकीत टाकली आणि कुणाशी न बोलता ट्रे उचलायला लागला.

दुपारी घाटावर देवळासमोर, नव्या काट्यावर पुन्हा उकडलेल्या अंड्यांचा गालिचा पसरला. लामूनने उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि ठरल्याप्रमाणे मोठ्याने बोलली, की मी अमुक, मी तमुक बोलले होते, ते आणलंय. तिच्यामागे सुपिनही टेकली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण आईची घसरलेली ओढणी सावरून दिली. तेवढं सध्या पुरेसं होतं.

उदबत्त्या जळून संपेपर्यंत थांबायचं होतं. लामून पायरीवर बसली. सानित शेजारी येऊन बसला आणि बोटांवर काहीतरी मोजू लागला.

"लामून."

"हं."

"मनोरा पुरा झाला तो पाण्यात दिवे सोडायच्या, कार्तिकातल्या पौर्णिमेला. परवान्यावरचा शिक्का माझ्या लक्षात आहे."

"बरं."

"तू नवस बोललीस सोंगक्राननंतर."

"बरं."

"मग आधीचे पाच महिने पाकोळ्या कुणाच्या नवसाने आल्या नाहीत?"

लामून उदबत्तीकडे बघत राहिली. हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. एवढे महिने ती चोरासारखी घाट चुकवून बाजाराला जात होती. पंप जळला तेव्हा तिने पंपाची माफी मागितली होती. आणि तिच्यावाचून, थोरल्या आईच्याही वाचून, पाकोळ्या आपल्या आपण येत नव्हत्या, कारण बत्तीस कर्ण्यांतून कुणी ओरडून बोलावलं तर शहाणं पाखरू जात नाही.

तिला हसू आलं. मग तिने समोर पाहिलं.

थवी ट्रे सरळ करत होता आणि ओनसीला काहीतरी समजावत होता. मान ताठ, हात हवेत.

"सोपं नव्हतं, मावशी. पाकोळ्या तर निघालेल्याच. थोरल्या आईला जातीने आडवं यावं लागलं."

"मग," ओनसी म्हणाली. "नऊशे नव्याण्णव म्हणजे चेष्टा नाही."

"आता अळंबी. पुढच्या पौर्णिमेला पहिला तोडा घेऊन येतो, बघा तुम्ही."

सुपिन त्याच्या बोलण्याकडे कान न देता त्याच्याकडे बघत होती. पासपोर्टांचं काय, हे लामूनने विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज दिसत नव्हती.

"मला वाटतं त्याला सांगायला हवं," सानित म्हणाला. तारीख चुकीची राहिली तर त्याला झोप येत नसे. तो उठायला लागला. "अरे थवी, जरा ऐक. तो शिक्का—"

उदबत्ती विझायला अजून दोन बोटं बाकी होती. तोवर नैवेद्याला हात लावायचा नसतो, हे लामूनला लहानपणापासून माहीत होतं. तिने हात लांब करून जवळच्या ट्रेमधलं एक अंडं उचललं, भराभर सोललं, आणि भावाच्या उघड्या तोंडात अख्खं कोंबलं.

ओनसीने ते पाहिलं. "अगं बाई, उदबत्ती जळतेय अजून. एक कमी झालं."

"तू तुझी घंटा सांभाळ," लामून म्हणाली. "माझं आणि तिचं मी बघून घेईन."